त्यानं दिलं का तुला?

दोन माणसं समोरासमोर खुर्च्या टाकून बसतात. एकाला समोरच्यात जे दिसतं ते तो बोलून दाखवतो. "तुझ्या बाहीचं बटण तुटलंय." समोरचा म्हणतो, "माझ्या बाहीचं बटण तुटलंय." पहिला पुन्हा तेच म्हणतो, दुसराही पुन्हा तेच. कुणी थांबवेपर्यंत हे चालतं. आमच्या अभिनयाच्या वर्गात थांबवण्याचा अधिकार फक्त शिकवणाऱ्या बाईंना होता, आणि बाईंना कधीच घाई नसे.

सॅनफर्ड माइझनर या अमेरिकन नाट्यशिक्षकाच्या पद्धतीतली ही पहिली पायरी, पुनरावृत्तीचा व्यायाम. बाई ती पद्धत जराही पातळ न करता शिकवायच्या. कित्येक आठवडे संहिता नाही, भूमिका नाही, प्रवेश नाही. नुसतं एक वाक्य आणि समोरचा माणूस. हौशी नाटकं करून थोडंफार नाव कमावलेले आम्ही काही जण होतो. रंगमंचावर उभं कसं राहायचं, वाक्य कुठे तोडायचं, हशा आला की किती थांबायचं, हे सगळं आम्हाला येत होतं, आणि इथे ते कुठेच वापरायला मिळत नव्हतं. हात बांधून बसवल्यासारखं वाटायचं.

मग माणूस काय करतो, तर त्या एका वाक्यालाच सजवू लागतो. मी बटणाचं वाक्य एकदा चिडवून म्हटलं, एकदा कळवळून, एकदा उगाच कुजबुजत. समोरचा मुलगाही तयारीचा होता, त्यानं प्रत्येक चेंडू परतवला. बघणारे हसत होते. आम्हाला वाटलं, रंगतंय. बाईंनी टाळी वाजवली. (ही टाळी दाद देण्याची नव्हे. थांबा म्हणायची त्यांची तऱ्हा.)

"ते कुजबुजणं कुठून आणलंस?"

मी म्हटलं, "बाई, सुचलं."

"सुचलं ते कळलं. त्यानं दिलं का तुला?"

हा प्रश्न पुढे इतक्या वेळा ऐकला की झोपेतही उत्तर देता आलं असतं. समोरच्यानं दिलं का? त्याच्या आवाजातून, नजरेतून, खुर्चीत सरकण्यातून काही आलं आणि त्यानं तुझं बोलणं बदललं, की तू आपल्याच मनात एक गंमत रचलीस आणि ती त्याच्या अंगावर टाकलीस? त्यांच्या लेखी पहिलं म्हणजे अभिनय आणि दुसरं म्हणजे करामत. करामत कितीही सुरेख असली तरी त्या टाळी वाजवायच्या.

नियम तसे थोडेच होते. ऐकलं तेच म्हणायचं. जे दिसतंय त्यावर बोलायचं, जे वाटलं पाहिजे त्यावर नाही. कंटाळा आला म्हणून वाक्य बदलायचं नाही. समोर काही खरोखर बदललं आणि जुनं वाक्य म्हणणं आता खोटं ठरेल अशी वेळ आली, तरच बदलायचं. शेवटच्या नियमातच सगळी मेख आहे. कारण समोर काही बदललं हे कळायला आधी समोर बघावं लागतं, आणि नट मंडळी, माझ्यासकट, समोरच्याकडे बघण्याचा अभिनय फार छान करतात.

तो व्यायाम पहिल्यांदा जागेवर पडला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. माझ्यासमोर वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी होती. मी म्हटलं, "तू हसतेयस." ती म्हणाली, "मी हसतेय." ती खरंच हसत होती, थोडी अवघडून. "तू हसतेयस." "मी हसतेय." असं बराच वेळ गेलं. मधेच केव्हातरी तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. शब्द तेच होते, "मी हसतेय", पण शेवटच्या अक्षराशी आवाज किंचित खाली बसला. पुढचं वाक्य मी म्हणायला गेले तर ते माझ्या तोंडात अडकलं. "तू हसतेयस" म्हणणं आता शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "तू हसत नाहीयेस." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. "मी हसत नाहीये." आणि मग ती खरोखर हसली, मोठ्यानं, सुटल्यासारखी, आणि मला का कोण जाणे रडू आलं. माझा आवाज बदलला होता आणि तो मी बदलला नव्हता. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या जोडीला बोलावलं. त्यांची शाबासकी एवढीच असे.

माइझनर मूळचा पियानो शिकलेला माणूस. जन्म १९०५चा. १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रुप थिएटर ही नाट्यसंस्था सुरू झाली त्यात तो नट म्हणून होता आणि १९३५पासून नेबरहुड प्लेहाउस या संस्थेत शिकवू लागला. नटांच्या डोक्यातली चर्चा, विश्लेषण, हेतूंची उठाठेव बाजूला सारून त्यांना उत्स्फूर्त प्रतिसादापर्यंत न्यायचं, यासाठी त्यानं ही पुनरावृत्ती उभी केली. अभिनयाची त्याची व्याख्या जगभर सांगितली जाते: काल्पनिक परिस्थितीत खरेपणानं जगणं. ऐकायला सोपी आहे. त्यातला 'काल्पनिक' हा शब्द लोक विसरतात आणि नुसत्या खरेपणामागे लागतात. त्याबद्दल पुढे बोलेन, कारण माझा बाईंशी पहिला वाद तिथेच झाला.

दुसरी पायरी स्वतंत्र कामाची. एकानं खोलीत काहीतरी हातानं करायचं काम घेऊन बसायचं. काम खरोखर अवघड हवं, अवघड असल्याचं नाटक चालणार नाही. ते का करायचं याला कारण हवं, आणि ते अमुक वेळेच्या आत झालंच पाहिजे अशी निकड हवी. दुसऱ्यानं बाहेरून दार ठोठवायचं, आत यायचं, आणि मग पुनरावृत्ती सुरू. म्हणजे आता तुमच्याकडे दोन मालक. हातातलं काम सोडता येत नाही आणि समोरच्या माणसाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

मी रागाच्या भरात फाडलेलं एक पत्र जोडण्याचं काम घेतलं होतं. घरून एक कागद लिहून, फाडून, तुकडे पाकिटात घालून आणले. बाईंनी पाकीट उघडून तुकडे तळहातावर घेतले. मोठे होते, कडा नीट होत्या. त्यांनी एक शब्द न बोलता प्रत्येक तुकड्याचे आणखी तीन-चार केले, पुन्हा पाकिटात भरले, पाकीट हलवलं आणि माझ्यासमोर टेबलावर पालथं केलं.

"मघाशी होतं ते काम नव्हतं, हातचाळा होता. आता सांग, हे पत्र कुणाचं?"

मी म्हटलं, आईचं, ती आता या जगात नाही, हे तिचं शेवटचं पत्र. मी बरंच काही रचून आणलं होतं.

"एवढा मोठा मृत्यू कशाला आणलास? पेलतोय का तुला?" मग प्रश्नांचा मारा सुरू झाला. पत्र पेनानं लिहिलंय की पेन्सिलीनं? शेवटची ओळ काय आहे? तू फाडलंस कधी, वाचून की न वाचता? आज ते जोडायला काय झालं? मी तिसऱ्या प्रश्नाशीच चाचरले. "तुलाच माहीत नाही, तर तुझ्या हातांना घाई कशी होईल?"

शेवटी मी आई सोडून दिली. मैत्रिणीचं पत्र केलं. त्यात तिनं माझ्याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, ते मी अर्धवट वाचून पत्र फाडलं होतं, आणि आता ती तासाभरात भेटणार होती. वाक्याचा दुसरा अर्धा भाग काय होता, ते तिच्या तोंडून ऐकायच्या आधी मला वाचायचं होतं. कारण लहान, पण मला चांगलंच बोचणारं. माइझनरच्या पद्धतीत कारणाचा आकार महत्त्वाचा नसतो, ते तुम्हाला बोचतं की नाही हे महत्त्वाचं. मेलेली आई मला बोचत नव्हती. ती मला फक्त भारदस्त करत होती.

तुकडे जोडायला घेतले. डिंक लावलेला तुकडा बोटाला चिकटतो, दुसऱ्या बोटानं काढायला जावं तर त्याला चिकटतो. अक्षरांचे अर्धे कान, अर्ध्या मात्रा. तेवढ्यात दार वाजलं. माझा जोडीदार आत आला, दाराशीच थांबला आणि म्हणाला, "तुझा हात थरथरतोय." मला ते ठाऊकच नव्हतं. "माझा हात थरथरतोय," मी तुकड्यावरून नजर न काढता म्हटलं. "तुझा हात थरथरतोय." तो जवळ आला होता, आवाजावरून कळलं. "माझा हात थरथरतोय!" हे मी ओरडले. ओरडायचं ठरवलं नव्हतं. त्याची सावली टेबलावर पडली होती आणि मला अक्षर दिसेना, म्हणून ओरडले. तो चटकन मागे सरकला, आणि त्याच्या त्या मागे सरकण्याचंच मला इतकं वाईट वाटलं की पुढचं वाक्य अगदी हळू आलं.

ही कुजबूज आणि मी बटणाच्या वाक्यात आणलेली कुजबूज, यांत काय फरक आहे ते मला त्या दिवशी कुणी समजावून सांगावं लागलं नाही. भावनेकडे मी लक्षच दिलं नव्हतं. माझं लक्ष डिंकाकडे होतं. आजही तालमीत एखादा प्रवेश कोरडा जात असेल तर मी पहिल्यांदा शोधते ते हाताला काम.

आता तो वाद. वर्गात आम्हा बऱ्याच जणांची समजूत अशी होती की खरं रडायचं तर स्वतःचं खरं दुःख उकरून काढावं लागतं. ही समजूत हवेतून आलेली नाही. रशियन दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लावस्कीनं आपल्या सुरुवातीच्या काळात भावनिक स्मृतीवर काम केलं होतं, आणि त्यामागे रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचे विचार होते. स्तानिस्लावस्कीच्या शिष्यांकरवी हे अमेरिकेत पोचलं. ग्रुप थिएटरच्या तीन संस्थापकांपैकी ली स्ट्रासबर्गनं त्यालाच मध्यभागी आणलं: जुनी घटना आठवायची, तीही भावना म्हणून नाही तर त्या वेळचा वास, स्पर्श, उजेड असं सगळं एकेक आठवत जायचं, की भावना आपोआप उसळते. घटना किमान ७ वर्षं जुनी असावी असा त्याचा आग्रह असे. ताजी जखम भरवशाची नसते, म्हणून.

त्याच ग्रुपमधली नटी स्टेला अ‍ॅडलर १९३४ साली पॅरिसला जाऊन प्रत्यक्ष स्तानिस्लावस्कीकडे काही आठवडे शिकली आणि परत येऊन तिनं सांगितलं की म्हाताऱ्याचा भर आता तिथे नाही. तो नाटककारानं दिलेली परिस्थिती, कल्पनाशक्ती आणि कृती यांवर आहे. स्ट्रासबर्गला ते पटलं नाही. ग्रुपमध्ये फूट पडली. माइझनर अ‍ॅडलरच्या बाजूनं गेला. अमेरिकन अभिनयशिक्षणाच्या तीन वाटा अशा एकाच घरातून फुटल्या, आणि आज त्या तिन्हींना सरसकट 'मेथड' (हे नाव खरं तर स्ट्रासबर्गच्या वाटेचं) म्हणून मोकळे होणारे लोक पाहिले की बाईंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

मी बाईंना म्हटलं, खरी आठवण वापरली तर काय बिघडलं? काम होतं ना?

त्या म्हणाल्या, "होतं. एकदा होतं, दोनदा होतं. चाळिसाव्या प्रयोगाला तुझ्या आजोबांच्या आठवणीनं तुला रडू येणार नाही. तेव्हा तू काय करशील? रडण्याचं नाटक. आणि मुख्य म्हणजे, तू आजोबांकडे बघत असताना समोरच्या नटाकडे कोण बघणार?"

त्याच सुमाराला त्यांनी मायकेल चेकॉव्हची गोष्ट सांगितली. हा रशियन नाटककार अंतोन चेकॉव्हचा पुतण्या, स्तानिस्लावस्कीचा शिष्य. त्यानं एका व्यायामात वडिलांच्या अंत्यविधीची आठवण अशी काही जिवंत केली की गुरुजींनी गहिवरून मिठी मारली. नंतर कळलं की वडील हयात आहेत. गोष्ट बरीच सांगितली जाते आणि सांगताना तिला थोडंफार मीठ लागत गेलं असणार. मला मात्र तिचा उपयोग झाला. कल्पनेनं रचलेली गोष्ट शरीराला खरी लागते. मग स्वतःच्या घरातली मढी उकरायची गरज काय?

माइझनरच्या पद्धतीत भावनेची तयारी आहे, पण ती प्रवेशाच्या आधी, दाराबाहेर, विंगेत करायची. डोळे मिटून एखादं दिवास्वप्न पाहायचं, कितीही अचाट असो, कुणाला सांगायचं नसतं. त्यानं अंगात जे येईल ते घेऊन आत शिरायचं. ही तयारी फक्त पहिल्या क्षणापुरती. आत पाऊल पडलं की ती सोडायची आणि समोरच्याच्या हाती जायचं. आमच्यातले बरेच जण सोडायला तयार नसत. इतक्या कष्टानं डोळे भरून आणलेत, आता समोरच्यानं हसवलं तरी हसणार नाही, असा हट्ट. बाईंचं एकच वाक्य असे: "आणलंस ना? आता सांड."

पाठांतराबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यानं माझं सगळ्यात जास्त भलं केलं आणि त्या वेळी मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला. संहिता हातात आली ती अखेर कधीतरी. दोन माणसांचा प्रवेश. पहिलं काम, कंसातल्या सगळ्या सूचना खोडायच्या. 'रागाने', 'हुंदका देत', 'किंचित थांबून', सगळं काळं. लेखकाच्या कल्पनेतला नट कुठे थांबला असेल ते मला कळून काही उपयोग नाही. दुसरं, संवाद पाठ करायचे ते संपूर्ण कोरे. चढ नाही, उतार नाही, अर्थ नाही. जिना चढताना म्हणायचे, कपड्यांच्या घड्या घालताना म्हणायचे, भरभर म्हणायचे. वर्गात बाई कुठल्याही वाक्यापासून सुरू करायला लावत आणि आवाजात जरा लाडीगोडी आली की टाळी.

मी आधी जी नाटकं केली होती तिथे वाक्य पाठ व्हायचं ते चालीसकट. कुठे आवाज वर न्यायचा, कुठल्या शब्दावर जोर, कुठे श्वास, सगळं वाक्यात शिवलेलं. मग प्रयोगात समोरचा नट काही वेगळंच करून बसला तरी माझं वाक्य आपल्या चालीत निघून जायचं. प्रेक्षकांना चूक सापडायची नाही, पण दोघं दोन वेगळ्या नाटकांत असायचो. कोऱ्या पाठांतरानं ती चाल बसूच दिली नाही. शब्द इतके पक्के की आठवावे लागत नाहीत, आणि इतके रिकामे की समोरून येईल तसे भरतात. माइझनर शब्दांना फार मान देत नसे. वागण्याचा एक औंस शब्दांच्या पौंडाच्या मोलाचा, असं म्हणायचा. मराठी नाटकावर वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. आपल्याकडे शब्दाला टाळी पडते. मला अजूनही ते पूर्ण पटलेलं नाही. काही वाक्यांना स्वतःचा तोल असतो, लय असते, आणि ती मोडली की समोरच्याकडून कितीही खरं काही आलं तरी वाक्य मरतं. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी चाल सुटू दे, मग लय बघू." ते 'मग' आमच्या वर्गात कधी आलं नाही.

आता बाईंच्या कडकपणाबद्दल. त्या वर्गातून बाहेर पडलेले लोक भेटले की एकमेकांना त्यांच्या कडकपणाच्या गोष्टी सांगतात आणि शेवटी म्हणतात, तशा होत्या म्हणूनच शिकलो. मला हे मान्य नाही. निदान सरसकट मान्य नाही.

वेळ झाली की दार बंद व्हायचं, मग कुणीही असो. बरोबर. जोडीदाराबरोबर वर्गाबाहेर सराव करून आला नाहीत तर खुर्चीवर बसायचं नाही. बरोबर. वाक्याच्या मध्यावर टाळी वाजवून थांबवणं, एका खोट्या सेकंदालाही सूट न देणं, 'छान' हा शब्द न वापरणं, यातलं काहीही मला जाचक वाटलं नाही. हा कडकपणा कामावर होता, आणि तो नसता तर आम्ही गोड गोड बोलून एकमेकांना फसवत राहिलो असतो. खोटं कुठे सुरू झालं ते दाखवणारा कान आपल्याला उपजत नसतो. दुसऱ्याचा कान उसना घ्यावा लागतो, आणि त्यांचा फार तयार होता.

पण दुसरंही होतं. एका मुलीला खुर्चीवर बसवून त्यांनी तिच्या बोलण्याच्या ढबीवर, मग दिसण्यावर, मग ती इथे का आली आहे यावर सगळ्यांसमोर असं काही सुनावलं की ती रडायला लागली. बाई म्हणाल्या, "बघा, हे खरं." वर्ग गप्प. माझ्या मनात त्यांचाच प्रश्न आला: त्यानं दिलं का तुला? ते रडू जोडीदाराकडून आलं नव्हतं, काल्पनिक परिस्थितीतून आलं नव्हतं. एका अधिकाराच्या माणसानं अपमान केला म्हणून आलं होतं. त्यांच्याच कसोटीला ते टिकत नव्हतं. खरं रडू होतं, पण अभिनयाचा त्याच्याशी संबंध नव्हता. ती मुलगी पुढच्या आठवड्यापासून आली नाही. तिनं योग्य केलं असं मला तेव्हाही वाटलं. ती टिकली नाही, असं म्हणणारे वर्गात होते. टिकायचं कशासमोर होतं, हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

व्याख्येतल्या 'काल्पनिक' शब्दाचा मुद्दा तो हाच. तो शब्द नटाचं संरक्षण आहे. तो काढला की उरतं ते माणसाला डिवचून काय बाहेर पडतं ते पाहणं. त्यासाठी तंत्र लागत नाही.

खुद्द माइझनरही मऊ शिक्षक म्हणून प्रसिद्ध नव्हता. पुढे कर्करोगामुळे त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्यानंतर तो अन्ननलिकेतून हवा सोडून बोलायला शिकला आणि चष्म्याला लावलेल्या छोट्या मायक्रोफोनमधून शिकवत राहिला. आवाजाविना शिकवणारा अभिनयशिक्षक, ही कल्पनाच जबर आहे. उत्तम नट व्हायला २० वर्षं लागतात असं तो म्हणे. बाई हा आकडा आमच्या तोंडावर वरचेवर फेकायच्या.

या पद्धतीत काय नाही, तेही अनुभवलं. पुनरावृत्तीत तयार झालेली आमची एक जोडी पहिल्यांदा मोठ्या नाट्यगृहात उभी राहिली तेव्हा तिसऱ्या रांगेपलीकडे काही पोचलंच नाही. दोघं एकमेकांत इतके गुंतलेले की मागच्या माणसांना चोरून कुणाचं तरी घरगुती बोलणं ऐकतोय असं वाटावं, आणि तेही नीट ऐकू न यावं. आवाज, श्वास, उच्चार, शरीर, याचं काम वेगळं करावं लागतं. मूळ नेबरहुड प्लेहाउसमध्ये हे सगळं होतंच. तिथे हालचालींचे धडे द्यायला मार्था ग्रॅहमसारखी नृत्यांगना होती आणि अभ्यासक्रम २ वर्षांचा. जगभर ठिकठिकाणी जे शिकवलं जातं तो बऱ्याचदा त्या अभ्यासक्रमाचा एक तुकडा असतो. बाईंकडेही तेवढाच होता. आवाजासाठी मी दुसऱ्या गुरूंकडे गेले, आणि तिथे 'समोरच्याकडे बघ' असं कुणी म्हणत नव्हतं म्हणून काही दिवस चुकल्यासारखं झालं.

सध्याच्या नाटकात या शिक्षणानं माझा एक वेगळाच घोळ झाला. मी समोरच्या नटाच्या मागे जाते, तो रोज थोडा वेगळा येतो, म्हणून मीही रोज थोडी वेगळी जाते. दिग्दर्शक वैतागले. टेबलापाशी म्हणायचं वाक्य एकदा खिडकीपाशी निघालं, आणि मी लाइट सोडून अंधारात उभी होते. प्रकाशयोजना करणाऱ्यांनी सरळ सांगितलं की खरेपणा तुमच्याजवळ ठेवा, मला तोंड उजेडात हवंय. त्यांचं बरोबर होतं. चाळीस माणसांनी मिळून बसवलेल्या प्रयोगात मी एकटीनं उत्स्फूर्त होऊन चालत नाही.

यावर उपाय बाईंच्याच पाठांतरातून निघाला. हालचालीही मी आता वाक्यांसारख्या कोऱ्या पाठ करते. तालमीच्या आधी रिकाम्या मंचावर, चेहऱ्यावर काही न आणता, नुसती पावलं: दारातून टेबलापर्यंत चार, वळण डावीकडून, हात खुर्चीच्या पाठीवर. पायांना ते इतकं माहीत व्हायला हवं की मला विचारावं लागू नये. मग नजर समोरच्यावर ठेवता येते आणि लाइटही सापडतो. प्रकाशवाल्यांची तक्रार थांबली. दिग्दर्शकांची एक उरली आहे: शेवटच्या प्रवेशातला माझा विराम कधी लांबतो, कधी जवळपास नाहीसा होतो. मी सांगते, समोरचा नट पेला ठेवून माझ्याकडे वळल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि तो रोज एकाच वेळी वळत नाही. ते म्हणतात, त्याला मी सांगतो. मी म्हणते, त्याला सांगू नका. यावर आमचं अजून चाललं आहे.